सव्वा मिनिटाची आजी

१२ जानेवारी २००९
सव्वा मिनिटाची कार्टून फिल्म! तीत एक आजी नातवंडांना हात धुवायला सांगते, एवढंच. त्यासाठी खराडीच्या स्टुडिओत मीटिंगांवर मीटिंगा. मी संस्कृतचा एम. ए., पोटापाण्याला पेपरचा वार्ताहर, आणि आता आजीचा संवादलेखक. शान्तं पापम्!

१९ जानेवारी
नवं ज्ञान — कार्टूनमध्ये आधी आवाज, मग चित्र. आवाजाबरहुकूम ओठ काढायचे. चित्रं काढणारी सृष्टी म्हणाली, "सर, कच्च्या कामासाठी कुणाचा तरी आवाज द्या ना."
आईला धायरीच्या घरून घेऊन गेलो. माझे संवाद तिनं बाजूला सारले. "आसं कोन बोलतं का रं?" आणि माइकसमोर — "आरं, हात धुतल्याबिगर भाकरीला शिवू नगा. प्वाट बिघडंल!"
स्टुडिओ हसला. सृष्टी मात्र आईकडे टक लावून बघत होती.

३ फेब्रुवारी
कच्ची फिल्म पाहिली. रंग नाहीत, नुसत्या रेघा. पण बोलण्याआधी पदर सारखा करणारी, मान झटकणारी — साक्षात आमच्या मातोश्री सुंदराबाई!

९ फेब्रुवारी
साबणाच्या कंपनीचे मॅनेजर संतोषराव आले. पैसे त्यांचे, म्हणून मतंही त्यांचीच. "आजी गावंढळ वाटते हो. जरा घरंदाज आवाज घ्या."
गावंढळ!!
लगेच एक बाई बोलावल्या. मधाळ, सानुनासिक. त्यांचं बोलून संपलं तरी पडद्यावरच्या आजीचं तोंड चालूच. सृष्टी म्हणाली, "हे ओठ सुंदराआजींचे आहेत, सर. दुसऱ्या कुणाला बसणार नाहीत." शाब्बास!

१२ फेब्रुवारी
कडाडून भांडलो. "घरंदाज म्हणजे नेमका कोणाच्या घरातला?" संतोषरावांनी आधी चहा मागवला. मग — "अहो, आवाज त्यांचाच ठेवू. फक्त शुद्ध बोलायला सांगा."
"मग आपणच लुगडं नेसा," म्हटलं.
तरी सोमवारी एकदा रेकॉर्डिंग करून बघायचंच म्हणे. आई साफ नाही म्हणेल. म्हणायलाच हवं.

१६ फेब्रुवारी
नाही म्हणालीच नाही! माइकसमोर ताठ उभी राहिली आणि एका दमात — "मुलांनो, हात धुतल्याशिवाय भाकरीला स्पर्श करू नका. पोट बिघडेल." थेट रेडिओवरच्या बातम्या! संतोषराव टाळ्या वाजवतायत, मी खुर्चीत आक्रसलेला.
रिक्षात विचारलं, हे कुठून शिकलीस?
"तू मोठ्यानं घोकायचास, म्या भाकऱ्या थापता थापता ऐकायची. येतंय की मला. आजवर कुनी इचारलंच न्हाई."
सृष्टी बिचारी ओठ नव्यानं काढणार. आता चिडायचं कोणावर? संतोषरावांवरच चिडतो.

२ मार्च
रंग चढले, संगीत बसलं, फिल्म झाली. आईनं सगळी आळी गोळा करून पाहिली. पुन्हा लाव, पुन्हा लाव!

५ मार्च
सकाळी स्वयंपाकघरातून — "अभय, चहा तयार आहे. घेतोस ना?" घरात कोण बाई आल्यात, म्हणून मी सदरा चढवून बाहेर आलो.