खोकल्याची सूचना

सोमवार, २ सप्टेंबर

सर आज पुन्हा अडले. 'खोकला? अहो, खोकल्याची कसली सूचना देता? उद्या शिंकेची द्याल!' शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला फिदीफिदी हसला. मी म्हटलं, प्रेक्षकांची मागणी आहे. चक्क थाप. मागणी कोणाचीच नाही. गरज एका माणसाला आहे, आणि त्यानेही ती कधी बोलून दाखवलेली नाही.

आमचं काम काय, तर लोकांच्या आधी सिनेमा बघायचा आणि सुरुवातीला येणारी ती पांढरी ओळ लिहायची — मारहाण, रक्त, आत्महत्या, प्राण्यांचे हाल. ज्याला सोसणार नाही त्याने वेळीच बंद करावं म्हणून. सुरुवातीला जेवण जायचं नाही मला. आता रक्ताला सरावले. खोकल्याला नाही.

बुधवार, ४ सप्टेंबर

सिनेमात कोणी उगाच खोकत नाही. सुरुवातीला रुमाल तोंडाशी गेला की समजावं, शेवटी पलंग रिकामा. साधी सर्दी झालेला माणूस मी अजून पडद्यावर पाहिलेला नाही.

आईचा खोकला मात्र कोणी असा मनावर घेतला नाही. तिनेच घेऊ दिला नाही. दोन छोटे, एक लांब, आणि लगेच — 'काही नाही, काही नाही.' कोणी विचारायच्या आत! स्वयंपाकघरातून, न्हाणीघरातून, शेवटी शेवटी दवाखान्याच्या खाटेवरूनही तेच. काही नाही.

रविवार, ८ सप्टेंबर

रविवारची दुपार खायला उठते.

आमच्याकडे रविवारी दुपारी सिनेमा असायचा. मधे बाबा, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला भाजी निवडत आई. बाबा पडद्यावरच्या माणसांना सल्ले द्यायचे. 'दार उघडू नकोस रे, गाढवा!' गाढव दार उघडायचाच. मग बाबा आमच्याकडे असे बघायचे की जणू आम्हीच त्याला फूस लावली.

आई गेल्यावर एकदाच बसलो आम्ही दोघं. त्या सिनेमात एक पोस्टमन होता, त्याचं कथेशी देणं ना घेणं, आणि तो खोकला. बाबा 'पाणी पिऊन येतो' म्हणून उठले ते बाहेर आलेच नाहीत. पुढे दादाकडे राहायला गेले. त्यानंतर मी ती सूचना सुरू केली. त्यांना फोनवर सांगितलंसुद्धा, 'बाबा, खोकला असेल तिथे आता लिहिलेलं असतं. नसेल तो सिनेमा बिनधास्त लावा.' ते नुसतं 'हं' म्हणाले.

बाबा सिनेमा बघायला लागले तर एखाद्या रविवारी इकडेही येतील, एवढंच माझं गणित. मला ते इथे हवे आहेत, या सोफ्यावर, कोणाला तरी गाढव म्हणताना. फार हवे आहेत.

गुरुवार, १२ सप्टेंबर

घोळ झाला, मोठा.

खोकला सुरू झाला की मी आवाज बंद करते. रुमाल खाली आला की चालू. हे ऑफिसात कोणालाच माहीत नाही. गेल्या आठवड्यातल्या सिनेमात बाई खोकत असताना शेजारच्या खोलीत गोळी सुटते — दिसत नाही, नुसती ऐकू येते. म्हणजे मला आलीच नाही. सूचनेत खोकला आहे, गोळीबाराचा पत्ता नाही. प्रेक्षकांनी तक्रारी करून धुऊन काढलं आम्हाला.

सरांनी आत बोलावलं. 'तुम्हाला खोकला ऐकू येतो आणि गोळी ऐकू येत नाही?' त्यांना काय सांगणार, की खोकलाही ऐकला नव्हता.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

खोकला बंद. जुन्या सिनेमांवरूनही काढायचा. मीच बसून एकेक ओळ पुसली. चष्मेवाल्याने न मागता चहा आणून ठेवला. आज हसला नाही.

सोमवार, १६ सप्टेंबर

बाबांनी बेसावधपणे काही लावलं तर? ओळ दिसली नाही म्हणजे खोकला नाही, असं मीच सांगून ठेवलंय त्यांना. जीव थाऱ्यावर नाही. वहिनीला निरोप टाकला — बाबांना सध्या सिनेमा लावून देऊ नकोस.

मंगळवार, १७ सप्टेंबर

वहिनीचा फोन. 'अगं, मी कशाला लावून देऊ? रोज दुपारी स्वतःच लावतात. पण तीन-चार दिवस नुसती चिडचिड चाललीय, खोकल्याची ओळ कुठेच दिसत नाही म्हणून. ती ओळ असलेलेच तर सिनेमे बघतात ते. थांब, त्यांनाच देते.'

'ती ओळ का गं काढलीस?' बाबा म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, 'ती एक आगगाडीतली बाई आहे बघ, अगदी हिच्यासारखी खोकते. दोन छोटे, एक लांब. मी डोळे मिटून ऐकतो. फक्त नंतर “काही नाही” म्हणत नाही.'

तो सिनेमा मी पाहिलाय. सूचना मीच लिहिली होती. ऐकलेला मात्र नाही.

रविवारी बाबांकडे जाते.