बाळू नेवाळेची क्लॅरनेट कुणाला

मी, बाळू सखाराम नेवाळे, वय त्र्याहत्तर, शिक्षण सातवी, आधी कंपनीत टर्नर आणि सुट्टीला बँडवाला, राहणार चिखली, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरचा दाखला मागं टाचलाय. कुणी धमकावलं नाही, कुणी पाजली नाही. चिंचवडच्या वकिलानं अकरा पानं टाईप करून दिली. त्यात माझं नाव सोडून काही कळलं नाही, म्हणून हातानं लिहितोय.

१. घर. बायको सोजरबाई आहे तोवर सगळं तिचं. तिच्यामागं खालचा मजला पोरगा कुलदीपचा, वरचा पोरगी तनुजाचा. जिना दोघांचा. जिन्यातल्या चपलांवरून भांडू नये. मी चाळीस वर्षं भांडलो, एक चप्पल हलली नाही.

२. बँकेतलं जे निघेल ते सोजरबाईचं. पासबुक पिठाच्या डब्यामागं आहे. तिला वाटतं मला माहीत नाही.

३. मापं घ्यायची हत्यारं, व्हर्निअर आणि मायक्रोमीटर, कुलदीपला. तो चाकणला कंपनीत क्वालिटीला आहे. व्हर्निअर खाली पाडलं तर परत घेईन.

४. आता मुद्द्याचं. माझी क्लॅरनेट. तिची ओळख लिहून ठेवतो, नाहीतर मी गेल्यावर कुणीतरी प्लॅस्टिकची आणून ठेवेल आणि तुम्ही तिला हार घालाल.

हातात घ्या. लाकडाची जड लागते. उन्हात तिरकी धरा, काळ्या लाकडात बारीक रेषा दिसतात. प्लॅस्टिक सगळीकडं सारखंच चकाकतं, नवरदेवाच्या बुटासारखं. मग वरचा नळा आणि खालचा नळा वेगळे करून आतून उजेडाकडं बघा. आत आरसा पाहिजे. वरच्या भोकांपाशी नख फिरवा. नख अडकलं तर तडा. माझ्या क्लॅरनेटला एक तडा आहे, पेराएवढा. खंडेनवमीला कुलदीपनं पान्या-हातोड्यांबरोबर तिलाही रॉकेलनं धुऊन उन्हात ठेवली होती. मी लाख भरली. नंतर वरच्या नळ्याची भोकं बोटांनी बुजवा, खाली तळहात लावा आणि वरून हवा ओढा. नळा जिभेला चिकटून राहिला तर चांगला, सुटला तर गळका.

सगळ्यात मोठी खूण म्हणजे नंबर. दोन्ही नळ्यांवर एकच नंबर पाहिजे. नसेल तर दोन मोडक्यांची एक केलेली समजा आणि दुकानातून चालू लागा.

माझ्या क्लॅरनेटचे नंबर जुळत नाहीत.

५. त्याला कारण देहूचा मुरारी काळोखे. एकाच बँडमधला, माझ्यासारखाच कंपनीतला, तो फिटर. आम्ही दोघांनी एकाच दिवशी जुन्या बाजारात एकसारख्या क्लॅरनेट घेतल्या. नव्व्याण्णव साली चाकणला लग्न वाजवलं, लगेच राजगुरुनगरला दुसरं. टेम्पोवाला ज्ञानेश हॉर्न मारून बोंबलत होता, "चला, आटपा, मुहूर्त गेला!" घाईत माझा खालचा नळा मुरारीच्या पेटीत गेला, त्याचा माझ्या. दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, आणून दे. तो म्हणाला, तू ये. सव्वीस वर्षं झाली. कुणी गेलं नाही. नंतर बँडही सुटला.

६. माझी क्लॅरनेट तनुजाला. नळे बदलले त्या साली, बारा वर्षांची असताना, तिनं आतल्या खोलीतून नुसतं ऐकून विचारलं होतं, "आप्पा, तुम्ही वाजवताय का मुरारीकाका?" कुलदीपनं व्हर्निअर लावून "आप्पा, वरचा नळा कुणीतरी घासलाय, रिजेक्ट," एवढंच सांगितलं. क्लॅरनेटला जो मुरारीचा खालचा नळा आहे, तो मुरारीला मिळू नये. वकील म्हणतो, साक्षीदाराला काही मिळत नाही. म्हणून साक्षीदार नंबर एक मुरारी.

७. इथपर्यंत लिहून साक्षीदार बोलावले. शेजारच्या शालनबाई आल्या. मुरारी आला, काखेत पेटी. बोट ठेवून सगळं वाचलं.

"मी सही केली तर मला काय न्हाई?"

"काही नाही."

"मग न्हाई करत जा."

"म्हणजे हवाय तुला!"

"माझाच हाय तो, बाळ्या!"

"मग सव्वीस वर्षं माझा वाजवलास तो वाईट होता?"

मुरारीनं काखेतली पेटी टेबलावर ठेवली.

"अहो भावजी," शालनबाई म्हणाल्या, "दोघंबी पिकली पानं झालायसा. एकदाच्या जोडा की. माझा कुकर लावायचाय."

खालचे नळे बदलून जोडल्या. नंबर जुळले. सोजरबाईनं टीव्ही बंद केला, जो ती मयतीलाही करत नाही. मी फुंकली. असा आवाज आला की शालनबाई कुकरकडं पळाल्या. माझा वरचा नळा माझ्याच खालच्यात डुगडुगत होता. मुरारीची फुंकायची वेळच आली नाही, त्याचा वरचा नळा अर्धा जाऊन अडकला.

"मी वरच्यावर बूच चढवलं व्हतं," मुरारी म्हणाला. "तुझ्यात ढिला बसायचा. दोन थर."

"मी घासला," मी म्हणालो. "तुझ्यात जाईना. कंपनीच्या लेथवर, जेवणाच्या सुट्टीत."

"मला बोलला न्हाईस."

"तू बोललास?"

परत उलट्या जोडल्या, होत्या तशा. मी फुंकली, मग त्यानं. वरच्या मजल्यावरून तनुजा ओरडली, "आप्पा, आता बरोबर!"

८. सबब कलम सहा रद्द. या दोन क्लॅरनेटींना नंबरची खूण लावू नये. जो नंबर जुळवेल त्याला जिन्यातला हिस्सा नाही. मी आधी गेलो तर माझी, आहे तशी, मुरारीला. तो आधी गेला तर त्याची मला. तसा कागद तो याच टेबलावर लिहितोय. दोघंही गेल्यावर दोन्ही तनुजाच्या. माझ्या मयतीला मुरारीनं वाजवावं. घाई करू नये, मला कुठं जायचं नाही.

९. मुरारीला मिळतंय म्हणून तो साक्षीदार चालणार नाही. दुसरा साक्षीदार त्यानंच फोन करून बोलावला.

हे मी वाचलं, सगळं माझंच आहे. खाडाखोड पण माझीच.

ठिकाण: चिखली. दिनांक: १४ डिसेंबर २०२५.

सही: बाळू सखाराम नेवाळे

साक्षीदार १: शालनबाई. कुकर उतरवून आल्या, सही केली.

साक्षीदार २: ज्ञानेश, टेम्पोवाला. टेम्पो चालू ठेवून आत आला, "चला, आटपा," म्हणत सही केली. मुरारीला देहूला सोडणार आहे. हॉर्न वाजतोय. पेट्या आम्ही सावकाश भरतोय.