एकावर सहा शून्यं

३ मार्च, सोमवार
प्रोस्टेटच्या ऑपरेशनला वर्ष झालं. अजून शिंकलो की लघवी गळते. साइट इंजिनिअरने आज क्रेनवरून उतरवून स्टोअरमध्ये बसवलं. म्हणे, तासातासाला खाली उतरता, काम खोळंबतं. बावीस वर्षं टॉवर क्रेन चालवली, आता खिळे मोजतोय! पण मीही कच्च्या गुरूचा चेला नाही. हॉस्पिटलात स्टेम सेलची चाचणी सुरू होतेय. मांडीच्या स्नायूतल्या पेशी वाढवून लघवी अडवणाऱ्या स्नायूत सोडणार. जूनमध्ये मी परत केबिनमध्ये.

६ मार्च
हा अजून प्रयोग आहे, खात्री नाही, असं डॉक्टरांनी तीनदा सांगितलं. विनयी माणूस. चाचणीत जागा बाराच. नर्सने तक्ता दिला: सात दिवस, किती वेळा गळलं ते खरं खरं लिहायचं. शिवाय स्नायू आवळायचा व्यायाम, दिवसातून तीनदा.

७ मार्च
व्यायाम एकदा. उरलेले दोन उद्या.
सहा वेळा गळलं. तक्त्यात एक लिहिलं. नर्स माझ्या मुलीच्या वयाची आहे, तिला सहा कसं दाखवायचं? त्यातल्या चार वेळा खोकला होता, त्यात माझा काय दोष?

९ मार्च
पेशी दणकट हव्यात म्हणून बैठका सुरू. बाराव्या बैठकीला पँट बदलली. बायको म्हणाली, सांगितलेला व्यायाम सोडून हे काय खूळ? तक्ता: शून्य. मेहनतीत गळलेलं धरत नाहीत.

११ मार्च
क्रेनवरचा नवा माणूस भार झुलवत नेतो. बघवत नाही. स्टोअरमध्ये पोत्यांमागे जाऊन रडलो.
बायकोने तक्ता पाहिला. म्हणाली, पँटी मी धुते, मला शून्य दाखवता? तिला समजावलं, शाळासुद्धा हुशार मुलंच आधी घेते.

१३ मार्च
तक्ता पूर्ण. एकावर सहा शून्यं. देखणा दिसतो.

१४ मार्च, सकाळी ११
बायकोला घेऊन हॉस्पिटलात गेलो. डॉक्टरांनी तक्ता पाहून हात मिळवला. म्हणाले, अभिनंदन, तुम्हाला याची गरजच नाही, जागा गरजू माणसाला देऊ. खरं सांगायला तोंड उघडलं आणि शिंक आली. खुर्चीचं कापड फिक्कट रंगाचं होतं. नर्सने दोनदा विचारलं, काका, अजून काही? मी म्हणालो, काही नाही. बसूनच राहिलो.
शेवटी बायको उठली आणि मला पुढे घालून, अगदी पाठीला चिकटून, बाहेरपर्यंत चालत आली.