निर्जंतुक पेंढा

तीर्थस्वरूप मावशीस, दानबीचा वाकून नमस्कार.

तुझा उजवा गुडघा आता कसा आहे? (डावा बरा असल्याचे काकांकडून कळले.) इथे गिम्जेला सगळे ठीक आहे. हे वाक्य तीनदा लिहून पाहिले, तिन्ही वेळा खोटे वाटले, म्हणून झाले ते सांगते.

आमच्या कारखान्यात भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल बनते. (आम्ही दारू गाळून मोटारींना पाजतो, असा गावात समज आहे. तो फारसा चुकीचा नाही.) यंदा गावचा सगळा पेंढा मिळवण्याचे काम माझ्याकडे होते. घरोघर फिरून सह्या घेतल्या. शेवटी एकच पेंढी उरली, ती आईची. सोयाबीनच्या मेजूचे ठोकळे बांधून आंबायला टांगायचे, त्यासाठी ती दर वर्षी औषध न मारलेल्या वाफ्यातला पेंढा निवडून ठेवते. वजन बारा किलो. अहवालात मी ‘सगळा’ असे लिहून बसले होते, आणि मला लिहिलेला शब्द खरा लागतो. पेंढी उचलली. तिच्यातून फार तर तीन लिटर इंधन निघाले असेल. तेवढ्यावर साहेबांची गाडी जोंजूपर्यंत जाते. परत येत नाही.

सोयाबीन शिजले, कुटले, ठोकळे थापून झाले, तेव्हा आईने पेंढी शोधली. ओरडली नाही. नायलॉनची दोरी आहे का, एवढेच विचारले. ओरडली असती तर बरे झाले असते. म्हणून मी प्रयोगशाळेतला लांब काड्यांचा, एकशे एकवीस अंशांवर निर्जंतुक करून पिशवीत बंद केलेला पेंढा आणून दिला. आईने तो हुंगला.

“याला वासच नाही गं.”

“वास म्हणजे जंतू, आई.”

शेजारची कांगजिनवाली तिथेच बसली होती. “अगं बाई, पोरीनं पेंढ्याला दवाखान्यात नेऊन आणलंय! टाके घातलेत का बघ कुठं.” आई हसली, आणि माझा मान राखायला तिने तोच पेंढा वापरला.

मावशी, मेजू आंबतो तो पेंढ्यातल्याच जंतूंमुळे. हे मला कॉलेजात शिकवले होते. परीक्षेत या प्रश्नाला मला पूर्ण गुण आहेत.

पंधराच्या पंधरा ठोकळे बाहेरून काळे पडले, आतून नासले. आईने ते एकेक करून खताच्या खड्ड्यात नेऊन टाकले. मी उचलायला गेले, तर “राहू दे, हातांना वास लागेल,” म्हणाली. बाबा गेले त्या वर्षीसुद्धा तिने मेजूचा घरचा सोयारस घालायचा चुकवला नव्हता. यावर मला जास्त लिहिता येत नाही.

तब्येत सांभाळ. काकांना नमस्कार.

तुझी भाची,
दानबी

ता. क. मिठाच्या पाण्यात मेजू घालायचा पंचांगातला घोड्याचा दिवस अकरा दिवसांवर आला आहे. तू नेहमी जास्तीचे करतेस. सहा ठोकळे पाठवशील का? आईला विचारलेले नाही. (तुझा सोयारस खारट होतो, हे तिचे मत आहे. माझे नाही.)

ता. क. दुसरा. पत्र आईने वाचले. सहा नव्हे, आठ लागतील म्हणते. आणि ते पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. यंदा सोयारसाचा रांजण भरायला घरात दुसरे माणूस नाही, असे लिहायला सांगितले आहे. मी समोरच बसले होते. तिने सांगितले तसे लिहिले.