वहिनीचं अडेनियम

वहिनी,

तुझं अडेनियम मी कुंडीतून उपटलंय, आधीच ओरडू नकोस. जास्त पाण्याने बुंधा खालून पार लिबलिबीत झाला होता. सडका भाग कापून गॅलरीत सावलीत ठेवलंय. नीट वाळलं की मग लाव, आणि तोवर पाण्याचा थेंबही नको.

आपण दोघी उगाच एकमेकींवर संशय घेत होतो. पाणी बाबा घालत होते! आज सुट्टी म्हणून डोळ्यांदेखत पाहिलं. तांब्याभर पाणी घालायचे, खुर्चीत बसून पेपर उघडायचे, की लगेच पुन्हा उठायचे. "बिचारं तहानलंय, या घरात कुणाचं लक्षच नाही." सकाळभर हेच. शेवटी मी हात धरला, "अहो बाबा, आत्ताच तर घातलंत!" तर माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "तुम्ही वरच्या मजल्यावर राहता ना?"



त्यांना डॉक्टरांकडे नेतेय. दादाला फोन लावला आणि त्याने उचलायच्या आत कापला. तूच सांग.

आणि ती रिकामी कुंडी मातीने भरून जागेवर ठेव. आल्या आल्या ते तांब्या घेऊन तिकडेच जातील.