एकदा नको म्हणालो

२० एप्रिल, सोमवार
ऑफिसात ४२ डिग्री. डोक्यावरचा सीलिंग फॅन वारा देत नाही, गरम हवा ढवळतो. दोनदा तक्रार दिली. एवढ्या मोठ्या शिक्षण संस्थेत कुणाला लाज नाही.
पण बातमी पक्की आहे. सेक्रेटरी काकासाहेबांच्या एसी केबिनमध्ये एक टेबल वाढणार, आमच्या रेकॉर्ड सेक्शनमधून एकजण आत जाणार. सेक्शनमध्ये आम्ही दोघंच. मी, सर्व्हिस एकवीस वर्षं. आणि अफजल, सर्व्हिस चार. यात ठरवण्यासारखं काय आहे?
संकल्प: टेबल आत जाईपर्यंत चिडायचं नाही.

२१ एप्रिल
चिडलो. कारण रास्त होतं. गुलमंडीच्या बाजारातून छोटा पंखा आणला, कॉम्प्युटरला जोडून चालणारा. अफजल म्हणाला, "गाडेकर साब, इसपे चाय ठंडी करते क्या?" मी त्याला सीनियॉरिटी म्हणजे काय ते दहा मिनिटं समजावलं. तेवढ्यात घामाने बनियन भिजलं. त्याच्यामुळे.

२२ एप्रिल, दुपारी अडीच
पंखा तोंडाकडे केला की डोळे कोरडे पडतात. पोटाकडे केला की मानेला घाम. जरा वळवला तर दाखले उडून पार जिन्यापर्यंत. म्हणून त्यांच्यावर गार पाण्याची बाटली ठेवली. बाटलीला घाम फुटला, चार दाखले ओले.
पंखा उत्तम आहे. हल्ली कागदच भिकार येतो.

२४ एप्रिल
काकासाहेब स्वतः टेबलापाशी आले! "गाडेकर, आत येता का बसायला? लई उकडतंय इथं."
मी रीतीप्रमाणे म्हणालो, "नको, नको. माझं भागतं या पंख्यावर." पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस हावरट दिसतो. पंगतीत जिलबी आली तरी आपण आधी ताटावर हात आडवा धरतो. वाढणारा वाढतोच.
काकासाहेब "बरं" म्हणाले आणि गेले. उद्या आग्रह करतील.

२५ एप्रिल, शनिवार
केला नाही. कामात असतील. केबिनसमोरून दोनदा कपाळ पुसत गेलो. एकदा शर्टाची दोन बटणं उघडी टाकून. आतून दार लावून घेतलं. गारवा बाहेर जातो म्हणे!
घरी प्रेरणा म्हणाली, "अहो, ती काय पंगत आहे? सरळ जाऊन मागा." बायकोने नवऱ्याला भीक मागायला सांगावं! संतापून तिसऱ्या पोळीला नको म्हणालो. तिने वाढली नाही.

२७ एप्रिल, सोमवार
अफजलचं टेबल आत गेलं. अफजलचं!
काकासाहेबांना शांतपणे जाब विचारला. (आवाज रस्त्यापर्यंत आला, असं चहावाला म्हणतो. त्याचाही चहा बंद.) काकासाहेब म्हणाले, "तुम्हीच नको म्हणला की. याला विचारलं, हा व्हय म्हणला. मिटला विषय." वर सगळ्या स्टाफपुढं कौतुक: "असा साधा माणूस मिळायचा नाय. एवढ्याशा पंख्यावर भागवतो." टाळ्या झाल्या. मग माझ्या डोक्यावरचा सीलिंग फॅन काढून स्टाफरूममध्ये लावायला सांगितलं.
अफजलला बाहेर गाठून विचारलं, तुला एकदा तरी नको म्हणता आलं नाही? म्हणाला, "मेरे को तो होना था, साब. हमारे में नक्को बोले तो नक्कोच होता."
संस्कारच नाहीत.

२९ एप्रिल, दुपारी तीन
४३ डिग्री. अफजलने दार किलकिलं करून हाक मारली, "साब, काकासाब मीटिंग को गये. आधा घंटा अंदर आके बैठो ना." म्हणजे चूक उमगली त्याला. पण इतक्या सहज मी विरघळणार नाही. ठणकावून सांगितलं, "नको!"
सव्वातीन. दुसऱ्यांदा विचारलं नाही.
चार. नाही.
साडेचार. खुर्ची केबिनच्या दाराशी नेली आहे, अगदी खालच्या फटीजवळ. इथून रेकॉर्डचं कपाट जवळ पडतं. चप्पल काढून बसलो आहे.