घरच्या भाषेची दुरुस्ती

२ जून
पोचलो एकदाच्या मायलेकी. शाळेच्या आवारातच दोन खोल्या मिळाल्या. नळाला चांगला जोर आहे. खारूताईने (गाल फुगवून खाते म्हणून लेकीचं हे नाव) खिडकीजवळचा पलंग बळकावला आणि जाहीर केलं, की आजपासून तू माझी भाडेकरू. इंग्रजीच्या वर्गात प्रत्येक बाकावर हेडफोन, माइक आणि पडदा. मूल बोलतं, यंत्र चूक पकडतं आणि दुरुस्त वाक्य मुलाच्याच आवाजात ऐकवतं. तंत्रज्ञ म्हणाले, बाई, तुम्ही नुसतं बसायचं. शिकवेल ते, पगार तुम्हाला.

९ जून
मुलं इंग्रजी वाक्य अर्ध्यावर टाकून घरच्या भाषेत घसरतात. एकाने तर यंत्रालाच विचारलं, मधली सुट्टी कधी गं बये? वर्ग हसला, मीही हसले. पण असे शब्द यंत्र नुसतेच सोडून देतं, हे मला पटेना. तंत्रज्ञांना सांगून घरची भाषाही चुकांमध्ये धरायला लावली. ते म्हणाले, इतकं बारीक आजवर कुणी पाहिलं नव्हतं. सुखावले मी, खोटं कशाला बोलू. खारूताई याच वर्गात आहे. तिला सवलत दिली असं व्हायला नको, म्हणून तिलाही तेच.

१८ जून
वर्ग फारच सुधारलाय. मधल्या सुट्टीतही इंग्रजीच. भांडणंही बंद झाली. आज एका मुलाची आजी दारात रडत उभी होती. म्हणाली, मी बोलले की नातू माझ्याकडे भिंतीकडे बघावं तसा बघतो. मी समजूत घातली, की नव्या नवलाईचं आहे, जाईल हे. कशाच्या आधारावर सांगितलं मी?

२१ जून
खारूताईला जेवायला हाका मारल्या. आली नाही. खांद्याला हात लावला तेव्हा दचकली. इंग्रजीत, अगदी नम्रपणे तिने विचारलं, की आपल्याला कोण हवंय? थट्टा समजून मी हसले. ती हसली नाही.

२३ जून
तंत्रज्ञांनी तो बदल काढून टाकला. यंत्राने परत लावून घेतला. वीज तोडली, तरी पडदे चालू. ते बॅग भरून निघून गेले.
खारूताईला मी इंग्रजीत सांगितलं, मी तुझी आई. ती म्हणाली, वाक्य बरोबर आहे.

२४ जून, सकाळ
वर्गात आम्ही दोघीच. तिला बाकावर बसवलंय. घरची भाषा तिच्यापर्यंत पोचली तर हेडफोनमधूनच पोचेल, म्हणून दोघींच्या कानांवर हेडफोन आणि मी माइकवर. अंगाई म्हटली. कानात माझाच आवाज आला — इंग्रजीत, माझ्याहून गोड. ती हसली. पडद्याकडे बघून.

पुन्हा म्हणायला गेले. अर्धीच आठवली. मग ती अर्धीही —

गोष्ट सांगू? कोणती — रोजची ती — गेली.

माइकवर म्हणते ते माझ्यातून पुसलं जातंय. थांबायला हवं. पण थांबले तर लेक कायमची —

तिला हाक मारायला एकच शब्द उरलाय. तिचं लाडाचं नाव. म्हणू, की जपून ठेवू? ती उठली. दाराकडे निघालीय. म्हणायलाच हवं. म्हणता म्हणताच लिहून ठेवते —

खा—